आल्विनेच्या डेकवर कलफाते

"काल्फाटर! मेन्श, एन्टलिश!"

तो माणूस एवढ्या मोठ्याने ओरडत माझ्या अंगावर आला की बंदरातले झाडून सगळे सीगल उडाले आणि माझ्या अंदाजाने थेट डेन्मार्कला जाऊन बसले. उंची नारळाच्या अर्ध्या झाडाएवढी. दाढी अशी की तिच्यात चिमण्यांची दोन कुटुंबं भांडण न करता राहतील. अंगात निळा विणलेला स्वेटर. त्याने माझा हात हातात घेतला, तेव्हा हा हात मला परत मिळणार की नाही, अशी शंका आली.

"काय म्हणतोय रे हा?" मी मुलाला विचारलं.

मंदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "अरे माणसा, आलास एकदाचा, असं म्हणतोय."

"बघ! ह्याला म्हणतात स्वागत. नाही तर तू. विमानतळावर आधी बॅगेत लोणचं सांडलंय का ते विचारलंस."

"बाबा, त्याची काहीतरी गफलत झालीय. काय सांगितलंत तुम्ही त्याला?"

"त्याने नाव विचारलं, मी नाव सांगितलं."

"मोठ्याने सांगितलंत?"

"मग काय कानात सांगू?"

आता हा दाढीवाला कोण, ते जहाज कुठलं आणि माझ्या नावाने त्याला एवढं भरून का आलं, हे सांगायचं तर चार दिवस मागे जायला हवं.

मी वसंत कलफाते, राहणार रत्नागिरी. आयुष्यभर पंप विकले. ज्याच्या विहिरीत पाणी नाही त्यालाही विकला आणि पंप लागल्यावर त्याच्या विहिरीला लाजेने पाणी आलं. हे माझं म्हणणं. आमच्या सौ. नलिनीचं म्हणणं वेगळं आहे, पण ते विचारायला तुम्ही रत्नागिरीला येणार नाही, म्हणून सोडून देतो. आमचा मंदार हॅम्बर्गला विमानं बांधायच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. बरीच वर्षं 'या, या' म्हणत होता. शेवटी आम्ही गेलो.

हॅम्बर्गबद्दल पहिली गोष्ट म्हणजे तिथे सगळ्यांचं नाव मोईन असतं, असं मला वाटलं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, मॉइन. बेकरीतली बाई म्हणाली, मॉइन. लिफ्टमधल्या आजोबांनी माझ्याकडे बघून मॉइन म्हटल्यावर मी त्यांना "नाही, वसंत" असं सांगून टाकलं. मंदार तोंडावर हात ठेवून उभा. मग कळलं की 'मॉइन' हा तिकडचा नमस्कार आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकच. एवढ्या एका शब्दात ते लोक दिवस काढतात. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस हातखंबा येईपर्यंत स्वतःच्या मुतखड्याचा पूर्ण इतिहास सांगतो. इथे उ-बानमध्ये (जमिनीखालची आणि अधूनमधून पुलावरून धावणारी गाडी) एवढी शांतता की मला माझे गुडघे ऐकू आले.

पाऊस बारीक होता. पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, हे ठरवता येऊ नये असा.

दुसऱ्या दिवशी जेवताना मंदारने बॉम्ब टाकला. सूनबाई कामासाठी कोलोनला गेलेली होती, त्यामुळे टेबलाशी आम्ही तिघंच.

"बाबा, मला नागरिकत्व मिळतंय. पुढच्या महिन्यात टेर्मिन आहे आम्टमध्ये (म्हणजे सरकारी कचेरीत ठरलेली वेळ)."

"मिळू दे की! अभिनंदन! नलू, शिरा कर."

"आल्झो, म्हणजे असं की, त्याच वेळी नावातही बदल करून घेता येतो. मी आडनाव छोटं करतोय. नुसतं काल. के, ए, एल."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. नलिनीने पाण्याचा पेला माझ्या बाजूला सरकवला. मी बोलायच्या आधी थोडा वेळ गप्प बसलो की तिला काळजी वाटते.

"काल," मी म्हटलं. "मंदार काल. मग आज कोण?"

"बाबा, थट्टा नको. फोनवर दर वेळी एकेक अक्षर सोडवून सांगावं लागतं. कोणी काल-फेट म्हणतं, कोणी काल्टे. मीटिंगमध्ये बॉससुद्धा नाव घ्यायच्या आधी थांबतो. मी थकलोय."

"आडनाव म्हणजे काय पँट आहे का रे, पायात लोळते म्हणून खालून कापायची?"

"त्याचा अर्थ तरी काय आहे? तुम्हालाच माहीत नाही धड."

हे मात्र खोटं होतं. अर्थ मला माहीत होता आणि त्यालाही मी सांगितला होता. फक्त मी तो दर वेळी वेगळ्या गोष्टीत सांगितलेला, त्यामुळे त्याचा कशावरच विश्वास उरलेला नव्हता. आमचं मूळ घर विजयदुर्गच्या खाडीकाठचं. आमच्याकडे गलबतांना कलफात करायचं काम पिढ्यान् पिढ्या. कलफात म्हणजे काय, तर लाकडी फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस नाहीतर काथ्या छिनीने ठोकून बसवायचा आणि वर गरम राळ ओतायची. मग समुद्राला आत यायला फट मिळत नाही. आमच्या खापरपणजोबांनी कलफात केलेल्या गलबतात शिरण्यापूर्वी लाट बाहेरून खोकायची, असं मी मंदारला लहानपणी सांगत असे. तेव्हा तो डोळे मोठे करून ऐकायचा. आता म्हणाला, "बाबा, प्लीज."

त्या जेवणानंतर घरात थोडी गोठवणारी हवा होती, आणि बाहेरही. म्हणून नलिनीच म्हणाली, "मला बंदर दाखव. हे घरात बसले तर तुझं नाव सोडून दुसरं काही बोलणार नाहीत."

असे आम्ही बंदरावर गेलो.

हॅम्बर्गचं बंदर समुद्रावर नाही. ते नदीवर आहे, एल्बेवर, आणि समुद्र तिथून पार लांब. पण नदी अशी की तिच्यासमोर आपली खाडी मुकाट्याने बाजूला होईल. काठावर काचेचं नवं संगीतगृह नुकतंच उघडलेलं. लाटांच्या आकाराचं त्याचं छप्पर बघून नलिनी म्हणाली, "वरून ताडपत्री उडालीय वाटतं." आम्ही धक्क्यावर फिशब्रोट्शन खाल्लं (पावात कांदा आणि मुरवलेला मासा). मासा शिजवलेला नव्हता. कोकणातला माणूस माशाला घाबरत नाही, पण मासाही थोडा आपल्याला घाबरलेला असावा, अशी अपेक्षा असते. हा निवांत होता. मी दोन खाल्ले.

मग फेरीने पलीकडच्या जुन्या गोदीत उतरलो, आणि ती दिसली.

आल्विने.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण इथे थाप मारायला जागाच नव्हती. काळं लांबसडक लोखंडी अंग, पुढे निमुळतं होत गेलेलं. तीन डोलकाठ्या. त्या एवढ्या उंच, की वरून जाणारे ढग त्यांच्यात अडकतात, फाटतात, आणि म्हणूनच हॅम्बर्गला सतत पाऊस पडतो. हे शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही. तिच्या अंगावर रिव्हेटच्या डोक्यांच्या ओळी होत्या, पाठीवर घामोळं उठल्यासारख्या. एकेक रिव्हेट लालबुंद तापवून हाताने ठोकलेला. वेल्डिंगचा पत्ता नव्हता त्या काळात.

शिडीच्या तोंडाशी कोणीतरी वरून विचारलं, कोण? आणि मी छाती पुढे काढून ओरडलो, "कलफाते!"

इथे आपण सुरुवातीला होतो.

दाढीवाल्याचं नाव उवे. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला. त्याने मला सरळ मागच्या डेकवर नेलं, गुडघ्यावर बसला, मलाही बसवलं आणि एका फळीच्या कडेला बोट लावून भरभर बोलू लागला. हॅम्बर्गचा माणूस एवढं बोलतो हेच मला नवल. शेवटी त्याने माझ्या एका हातात लाकडी मोगरी आणि दुसऱ्या हातात बोथट पात्याची छिनी दिली.

मोगरी हातात आली आणि माझी बोटं तिच्या दांड्यावर आपोआप बसली.

मंदार घाईघाईने जर्मनमधून उवेशी बोलला. मग माझ्याकडे वळला. "ऐका. ह्यांच्या भाषेत कलफात करण्याला 'काल्फाटर्न' म्हणतात. काल्फाटर म्हणजे कलफात करणारा. ते एका जुन्या कारागिराची वाट बघत होते, बाल्टिकच्या किनाऱ्यावरून येणार होता. त्याची पाठ धरली. तुम्ही ओरडलात आणि ह्यांना वाटलं तो आला."

मी मोगरी खाली ठेवली नाही.

"परत सांग. काय म्हणतात?"

"काल्फाटर्न."

"नलू, ऐकलंस?"

"ऐकलं," नलिनी म्हणाली. ती तोवर दोरांच्या वेटोळ्यावर रुमाल टाकून बसलीसुद्धा होती.

"मी त्याला खरं सांगितलंय," मंदार म्हणाला, "की तुम्ही पंप विकायचात. हे नुसतं आडनाव आहे."

उवे माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, आणि मंदारने ते नाइलाजाने मराठीत आणलं, "असं नाव नुसतं नसतं."

मला त्या माणसाची दाढी धरून पापी घ्यावीशी वाटली.

"आणि तुझं छोटं आडनाव काय ते, काल, ते आवडलं का ह्याला? विचार."

मंदारने विचारलं नसतं, पण 'काल' एवढा शब्द उवेच्या कानावर पडला आणि त्याने मंदारच्या विरळ झालेल्या केसांकडे बघून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "काल?"

"हे काय दाखवतोय?"

मंदार डेकच्या फळ्यांकडे बघत म्हणाला, "काल म्हणजे जर्मनमध्ये टकला."

"तुला माहीत होतं?"

"स्पेलिंग वेगळं आहे, बाबा."

नलिनी हसली ती थांबेचना. तिला खोकला लागला, आणि उवेने तिला कुठूनसा चहा आणून दिला.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवायला खाली नेलं. वाटाण्याचं दाट सूप आणि पाव. आठ-दहा पेन्शनर, सगळे निळ्या स्वेटरमधले, सगळे मॉइन. नलिनीने पिशवीतून मालवणी खाजं काढलं (बेसनाच्या कांड्यांवर गूळ-आल्याचा पाक). उवेने एक कांडी दाढेखाली धरली, चेहरा न बदलता बराच वेळ झगडला आणि म्हणाला, जुन्या जहाजांवर असंच बिस्किट मिळायचं, खायच्या आधी ते टेबलावर आपटायचं. नलिनीने मान हलवली. तिला ती स्तुती वाटली, आणि ती होतीही.

त्या जेवणात मी आल्विनेचा इतिहास ऐकला. उवे सांगायचा, मंदार उलथून मराठीत टाकायचा, मी मध्ये मध्ये शंका काढायचो.

ती एकोणिसाव्या शतकातली, शिडांच्या शेवटच्या भरभराटीतली. इंजिन नाही, कोळसा नाही, फक्त वारा. लोखंडाची, पोलादाची नव्हे, हे उवेने दोनदा सांगितलं आणि भिंतीवर मूठ आपटून ऐकवलं. पोलादाची जहाजं तिच्या मागून आली आणि गंजून आधी गेली. ही जाडजूड जुन्या लोखंडाची, म्हणून उरली. पहिली वर्षं तिने तांदूळ वाहिला. इथून रिकामी निघायची आणि पुढे बसीनहून तांदूळ भरून आणायची.

"बसीन!" मी उठून उभाच राहिलो. "म्हणजे आमची वसई! इंग्रज तिला बसीनच म्हणायचे. नलू, ही वसईला येऊन गेलीय!"

उवेने शांतपणे मान हलवली. "बर्मा."

ब्रह्मदेशातही एक बसीन आहे म्हणे. असेल. पण ब्रह्मदेशाला जाणारं जहाज वाटेत कधीच वादळाने आमच्या बाजूला ढकललं गेलं नसेल, असं कोण छातीठोक सांगू शकतो? मी तसं विचारलं. उवेने विचार केला आणि खांदे उडवले. मी ते होकारात जमा केलं.

तांदळानंतर ती सोरा (खताला आणि दारूगोळ्याला लागणारा क्षार) आणायला चिलीला जाऊ लागली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी हॉर्नच्या भूशिराला वळसा घालून. तिथला वारा शिडं फाडत नाही, गिळतो. एका फेरीत तिची मधली डोलकाठी मोडली आणि खलाशांनी ती खवळलेल्या समुद्रात, दोरांनी, हातांनी पुन्हा उभी केली. हे सांगताना उवेने सूप खाली ठेवलं. मग आगबोटी आल्या. वाऱ्याची वाट बघायला कोणाला वेळ राहिला नाही. आल्विने नॉर्वेच्या लोकांना विकली गेली. त्यांनी तिचं नाव पुसून दुसरं रंगवलं आणि तिच्यातून लाकडं वाहिली. पुढे आणखी कोणी घेतली, आणखी एक नाव रंगवलं. मग डोलकाठ्याच काढल्या. कोळसा साठवायचं तरंगतं कोठार केलं. कोठाराला कोण नाव देणार? नुसता आकडा रंगवला पाठीवर. शेवटी एका परक्या बंदराच्या कोपऱ्यात चिखलात रुतून पडली, भंगारात जायच्या वाटेवर.

"मग तुम्हाला कळलं कसं, की ही आल्विने?" नलिनीने विचारलं. आमच्यात एवढा सरळ प्रश्न तीच विचारते.

उवेने आम्हाला वर नेलं, मागच्या कठड्यावरून वाकायला लावलं आणि जहाजाच्या पाठीवरची अक्षरं दाखवली. रंगाचे थर खरवडत गेले, एकाखाली एक. आकडा गेला, एक नाव गेलं, दुसरं गेलं. तळाशी लोखंड लागलं, आणि लोखंडात छिनीने कोरलेलं नाव सापडलं. बांधणाऱ्यांनी ते रंगवून सोडलं नव्हतं, कोरलं होतं.

मंदार जरा जास्तच वेळ वाकून बघत होता. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातली ही दुर्मीळ गोष्ट नलिनीने नोंदवून ठेवली असणार.

आता त्यांची अडचण. जहाज लोखंडाचं असलं तरी वरचं डेक लाकडी फळ्यांचं. ते सगळं त्या म्हाताऱ्यांनी स्वतः कलफात केलं होतं. फक्त मागची एक शिवण, कप्तानाच्या खोलीवरची, दोनदा भरली आणि दोन्ही वेळा गळली. (सांध्याला जर्मन लोकही शिवणच म्हणतात, कपड्याच्या शिवणीचाच शब्द.) खोलीतलं जुनं लाकूडकाम पाण्याने सडायला लागलेलं. दुसऱ्या दिवशी डेकवर पाणी सोडून तपासायचं ठरलेलं, आणि कारागीर अंथरुणात.

उवेने पुन्हा मोगरीकडे बोट केलं. "फेरझूखन?" (करून बघता?)

"बाबा, नको," मंदार म्हणाला. "ऐतिहासिक जहाज आहे. खराब झालं तर?"

"तू गप. मी लहानपणी सगळ्या सुट्ट्या माझ्या आजोबांच्या, तात्यांच्या, शेजारी वाळूत बसून काढल्यात. अर्ध्या कोकणाची गलबतं मी एकट्याने..."

"अहो," नलिनी म्हणाली.

"बरं, एक होडी. पण अख्खी."

मी गुडघे टेकले. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मंदार, ही शिवण उद्या गळली तर तू खुशाल नाव काप. मी शब्द काढणार नाही."

"हा पैज लावायचा विषय आहे का?"

"मी लावली. तुला लावायची तर लाव."

तो म्हणाला, "बघू." वडिलांचं मन न मोडता नाही म्हणायची ही आमच्या घराण्यातली पद्धत. त्याने ती माझ्याकडूनच घेतलेली.

त्यांच्याकडे कापूस नव्हता, डांबर लावलेला तागासारखा धागा होता. मी तो मांडीवर वळला, तात्या वळायचे तसा, आणि माझी नवी पँट तिथेच गेली. एक सुतळी घातली, छिनी टेकवली, ठोकली. दुसरा ठोका अंगठ्यावर. मी जे बोललो ते उवेला भाषांतराशिवाय कळलं. तिसऱ्यापासून हात बसला. कलफात डोळ्यांनी करत नाहीत, कानाने करतात. शिवण रिकामी असते तोवर मोगरीचा आवाज भुस्स येतो, भरत आली की तो टणकतो आणि पूर्ण भरली की वाजतो. तात्या डोळे मिटून ठोकायचे. मीही मिटले. एक तर ते खरं होतं, दुसरं म्हणजे पाच-सहा पेन्शनर भोवती जमलेले होते.

ठोकत ठोकत मी कठड्याकडे सरकलो. आवाज छान वाजत होता. आणि एका जागी अचानक मेला. शिवण भरलेली, तरी आवाज बसका. पुढे सरकलो, वाजला. मागे आलो, मेला.

"इथे काहीतरी आहे," मी म्हटलं. "शिवणीत नाही. शेजारी."

मंदारने सांगितल्यावर उवे खाली वाकला. फळी ज्या बोल्टने खालच्या लोखंडाला धरलेली, त्याच्या तोंडावर लाकडाची गोल चकती बसवलेली असते. उवेने ती चाकूने उचकटली. चकती ओल्या पोह्यासारखी चुरगळली. पाणी शिवणीतून जातच नव्हतं. ते ह्या भोकातून जात होतं आणि शिवणीचं नाव खराब होत होतं.

उवेने माझ्याकडे बघितलं. मग नवी चकती कापून आणली, तीही मी ठोकली. वरून उवेने उकळतं डांबर ओतलं, तेवढ्यात पाऊस आला आणि आठ म्हाताऱ्यांनी ताडपत्री हातांवर धरून उभ्याने मला मांडव घातला. माझ्या लग्नातही मला एवढे मानकरी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वाटेत नलिनीने एकदा विचारलं, "अंगठा दुखतोय?" मी म्हटलं, "कुठला?"

डेकवर नळी आणून ठेवलेली होती, आग विझवायला वापरतात तसली. उवे कंदील घेऊन खाली कप्तानाच्या खोलीत जायला निघाला. मंदार त्याच्या मागे गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पाणी सोडलं. पाणी म्हणजे किती, तर एल्बे नदी त्या दिवशी निम्मी झाली आणि वरच्या गावांतून तक्रारी आल्या. डेकवर घोट्याएवढं साचलं, कठड्याच्या मोरीतून धबधबा लागला. मी शिवणीच्या डोक्यावर उभा. बूट भिजले, मोजे भिजले. माझ्या बुटांखाली काळी सरळ रेघ, आणि तिच्याखाली माझा मुलगा मान वर करून उभा. मला पंपांच्या धंद्यात कधी देव आठवला नाही. तिथे आठवला.

नळी बंद झाली. उवे वर आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने कंदील विझवला आणि म्हणाला, "ट्रॉकन."

कोरडं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने मला कॉफी दिली, दुसऱ्याने खांद्यावर थाप मारली. उवेने ती मोगरी जाग्यावर ठेवायला नेली, परत आला आणि कठड्याशी माझ्या शेजारी नुसता उभा राहिला. म्हणाला, हा शब्द त्यांचा नाही. हॉलंडच्या, पोर्तुगालच्या खलाशांकडून वर आला, त्यांनी तो अरबांकडून घेतलेला. मी म्हटलं, मग एक भाऊ इकडे आला आणि एक विजयदुर्गला राहिला. मंदारने ते उवेला सांगितलं. पहिल्यांदाच त्याने माझं वाक्य न कापता, न सुधारता, आहे तसं सांगितलं.

मंदारच्या खांद्यावर आणि केसांत खालच्या लाकडाची धूळ होती. पाण्याचा थेंब नव्हता. मी एवढंच विचारलं, "काय?" तो म्हणाला, "चला, फेरी चुकेल."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला. नावाचा विषय त्याने काढला नाही आणि शिवण गळली नव्हती, म्हणजे मी शब्दाला बांधलेला नव्हतो, तरी मीही काढला नाही.

रत्नागिरीला आलो, आणि आल्विने माझ्याबरोबर आली. आठवड्याभरात ती वसईला दोनदा येऊन गेलेली होती. पंधरवड्यात मी तिच्या मधल्या डोलकाठीवर चढलेलो होतो. नलिनी शेजारणीला म्हणाली, "पाणी सोडलं आणि गळलं नाही, तेवढं धरा. बाकी त्यांचं त्यांच्यापाशी." मला ते पुरेसं आहे. माणूस हजार गोष्टी रचतो त्या एखादी खरी निघेल म्हणून नाही. पण एखादी निघाली, की रचलेल्या सगळ्यांना मागून टेकू मिळतो. संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभा राहतो तेव्हा खाली खाडीत जी काही होडी असेल तिचे सांधे मी वरूनच बघतो. तात्या होते तोवर मला ते काम कधी मोठं वाटलं नव्हतं. ज्या नावाने मी आयुष्यभर दारं ठोठावली, पंप विकले, ते नाव हे एक काम होतं. चांगलं काम. जगातल्या निम्म्या बंदरांत लोक त्याला ओळखतात.

मंदारच्या टेर्मिनचा दिवस मला पाठ होता. संध्याकाळपर्यंत कळ काढली, मग फोन केला. तो जेवत होता. आधी पाऊस झाला, मग आईची तब्येत झाली, मग सूनबाईची बदली झाली. शेवटी मला राहवेना.

"कचेरीत जाऊन आलास?"

"हो. सकाळी."

"मग? आडनावाचं काय केलंस?"

"काही नाही," तो म्हणाला. "आहे तेच आहे."